फळ्यावर न मावलेली ओळ

चिंचपोकळी,
रविवार, १२ जानेवारी २०२५

विनीत,

नाना गेला. गुरुवारी, सकाळी अकराच्या सुमारास. आईनं तुला सांगितलंच असेल. ती गॅलरीच्या टोकाला जाऊन तुझ्याशी फोनवर बोलते ते मला कळत नाही असं तुम्हा दोघांना वाटतं. वाटू दे.

पण तो कशानं गेला ते आईनं सांगितलं नसेल, म्हणून मी लिहितोय. तुझ्या लेखानं गेला.

चमकलास ना? पत्ता कुठून मिळाला म्हणशील. तुझ्या त्या रविवारच्या मेलच्या तळाशी बंगळूरच्या ऑफिसचा पत्ता बारीक अक्षरात असतो. माझा नंबर तू ब्लॉक केलास, पोस्टमनला कसा ब्लॉक करणार? दीड वर्ष झालं, तुझी मेल दर रविवारी मला येते. 'जी. घाडी' नावाचा तुझा एक वाचक आहे ना, तो मीच. नानाची सून मनवा, तिनं मला मेलचा पत्ता काढून दिला आणि तुझ्या यादीत नाव घातलं. तू तिला पाहिलेलं नाहीस, तू गेल्यावर प्रथमेशचं लग्न झालं. चौदा नंबरमध्येच राहतात सगळे, आपल्या भिंतीला भिंत.

तर तुझे सात लेख. 'या आठवड्यात वाचावं असं काही' म्हणून तू जगभरातून वेचून पाठवतोस ते. दोन टेक्नॉलॉजीचे, दोन धंद्याचे, बाकीचे मानसशास्त्राचे. सात लेख, सात दिवस. माझं इंग्रजी तुला माहीत आहे, मिलच्या फोल्डिंग खात्यातलं, गठ्ठ्यावरचे शिक्के वाचण्यापुरतं. मनवा घरून काम करते, कुठल्याशा विमा कंपनीचं. सकाळी सातला चहा घेता घेता ती मला एक लेख मराठीत सांगायची, मी साडेसातला खाली उतरून मंडळाच्या फळ्यावर त्याचं सार लिहायचो. वर मथळा, 'आजचे वाचनीय'.

फळा तोच, जिन्यासमोरचा. संपाच्या वेळी सभा कुठे, धान्य कुठे वाटणार, कोणाला पकडलं, सगळं मी त्याच फळ्यावर लिहायचो. तेव्हापासून तिथे लिहिलं ते खरं, असं चाळ धरून चालते. आता तुझे लेख. मोबाइलवरचा तो लाल ठिपका आपल्याला कसा बोलावतो, दुकानदार दूध सगळ्यात आत का ठेवतो, मीटिंगमध्ये चूक कबूल करायला माणूस का कचरतो. लोक थांबून वाचतात रे. मासेवाली टोपली डोक्यावर ठेवून वाचते. नाना तर चहाचा ग्लास घेऊन उभाच. मोठ्यानं वाचणार, वाद घालणार, आणि मग घरी जाऊन तसंच करणार. झोपेवरचा लेख आला तर गड्यानं पलंगाची जागा बदलली.

गुरुवारचा लेख मानसशास्त्राचा होता. मी लिहिलं ते असं:

आजचे वाचनीय : मानसशास्त्र
छातीत धडधड, घाम, गुदमरणे :
दर वेळी हार्ट अटॅक नसतो.
मन घाबरते, शरीर त्याला साथ देते.
खाली बसा. चार मोजत श्वास घ्या,
सहा मोजत सोडा.
दहा मिनिटांत बरे वाटते.

नानानं दोनदा वाचलं. म्हणाला, "गुण्या, हे कामाचं आहे." आणि सव्वादहाला त्याच्या छातीत दुखायला लागलं.

घरात मनवा एकटी. तिची सासू गंगुबाई भायखळ्याला भाजीला गेलेली, प्रथमेश कामावर. मनवा म्हणते, मी टॅक्सी बोलावते म्हटलं तर नाना म्हणाला थांब. खुर्चीत बसला आणि मोजायला लागला. चार, सहा. चार, सहा. मध्ये जरा बरं वाटलं म्हणाला, पाणी प्यायला, पुन्हा मोजायला लागला. पाऊण तास. मग खुर्चीतून खालीच आला. टॅक्सीत घालून पोचवेपर्यंत संपलं होतं.

मी काय केलं सांगू? दुपारी फळा पुसला. 'दुःखद निधन' लिहायचं होतं. चाळीत कोणी गेलं की पहिल्यांदा फळा पुसतात, ही आपली रीतच आहे. ओलं फडकं घेतलं आणि पुसला.

आता चाळ मनवाला बोलते. कानात बोंडं घालून लॅपटॉपपुढे बसली होती, सासरा तडफडत होता तरी उठली नाही, असं. बोलू देत, लोकांना काय, चार दिवस बोलतील. मला तुझ्याकडून एवढंच हवंय. लेखात असंच होतं, हे एका कागदावर लिहून दे. तुझी सही आणि कंपनीचा शिक्का. कोणाला दाखवायचाय असं नाही. आपला जवळ असलेला बरा.

गुणाजी घाडीगावकर


चिंचपोकळी,
मंगळवार, २१ जानेवारी

विनीत,

तुझं कुरियर मिळालं. पाकीट फोडायच्या आधी दोनदा उलटंपालटं करून बघितलं. चार वर्षांनी तुझं काही येतंय. आत बघतो तर लेखाची छापील प्रत. सगळा लेख आणि शेवटच्या परिच्छेदावर पिवळा रंग. बाकी काही नाही. 'बाबा' नाही, 'तुम्ही' नाही, खाली नाव नाही. एक ओळ लिहायला हात झिजले असते तुझे?

तो पिवळा परिच्छेद मी डिक्शनरी घेऊन वाचला. असं पहिल्यांदाच होत असेल, वय झालेलं असेल, दुखणं हातात किंवा जबड्यात जात असेल, तर श्वास मोजत बसू नका, आधी हॉस्पिटल गाठा. भीतीचा विचार नंतर. बरोबर? लागला मला अर्थ. कळलं तुला काय म्हणायचंय ते.

आज नानाचं तेरावं झालं. त्याबद्दल सांगतो, नाहीतर दुसऱ्या कोणाकडून वेगळंच ऐकशील.

जेवणं झाली, माणसं सतरंजीवर टेकली होती. गंगुबाईचा भाऊ आलाय कणकवलीहून, मोठा आवाज, मोठं पोट. तो एकदम म्हणाला, "त्या दिवशी फळ्यावर काय होता म्हणे? छातीत दुखला तर घरात बसा?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. प्रथमेशपण. प्रथमेशनं गेल्या तेरा दिवसांत मला एक शब्द विचारला नव्हता, त्या पोराला मी खांद्यावर बसवून गणपती दाखवलेत.

मी म्हटलं, "मला इंग्रजी कुठे येतं? मनवा सांगायची तसं मी लिहायचो."

एवढंच म्हटलं. त्यात खोटं काही नाही. ती सांगायची, मी लिहायचो, चाळीला माहीत आहे. ती अर्धवट सांगायची असं मी म्हटलं नाही. पण लोकांना काय, वाक्याच्या पुढचं त्यांनी आपापलं जोडून घेतलं. मामा म्हणाला, "म्हणजे हिनाच सांगितल्यान आणि हिनाच बसवून ठेवल्यान." गंगुबाईनं हंबरडा फोडला. "माझ्या घोवाक खाल्लंस गो," म्हणाली, सगळ्यांसमोर.

मनवा पाण्याचे ग्लास गोळा करत होती. ती थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली. किती वेळ बघत होती कोण जाणे. मी पत्रावळीवरचं शीत उचलत बसलो होतो.

तिची काहीच चूक नव्हती असं नाही. तिनंच कबूल केलंय, मधली दहा मिनिटं ती मीटिंगमध्ये होती, कानाला लावून. नानाला जरा बरं वाटलं तेव्हा. दहा मिनिटांत काय होत नाही? आणि नाना ऐकत नव्हता तर शेजारी येऊन मला हाक मारायची. मी घरातच होतो, पेपर वाचत. भिंतीपलीकडे.

असो. तुझा कागद कपाटात ठेवलाय, आईला दाखवला नाही.

गुणाजी


चिंचपोकळी,
रविवार, २ फेब्रुवारी

विनीत,

मनवाला माहेरी पाठवलं. शीव कोळीवाड्याला. पाठवलं म्हणजे काय, प्रथमेशनं बॅग भरून दारात ठेवली आणि म्हणाला, आईची तब्येत सुधारेपर्यंत जा. ती निघाली तेव्हा गॅलरीत सगळी दारं उघडी होती आणि एकही माणूस बाहेर नव्हता. मी खिडकीत होतो. तिनं एका हातात बॅग, दुसऱ्या हातात लॅपटॉप घेतला होता, आणि जिना उतरताना बॅग कठड्यावर आपटत होती. कोणी गेलं नाही उचलायला.

तुझी आई माझ्याशी बोलत नाही. ताट वाढते, बोलत नाही. काल माघी गणपतीची आरती झाली, प्रसाद माझ्यापुढे ठेवला आणि एवढंच म्हणाली, "त्या चेडवाक तुमी उघड्यावर टाकलास. आता तोंड कित्याक शिवलास?"

आईला ठाऊक आहे. तिला सुरुवातीपासून ठाऊक आहे, कारण त्या गुरुवारी सकाळी ती चहा ओतत होती. आता तुलाही सांगतो. मागच्या दोन पत्रांत मी हातचं राखून लिहिलं. पहिल्या पत्रात तुझ्या अंगावर ढकललं, दुसऱ्यात त्या पोरीच्या.

मनवानं मला पूर्ण लेख सांगितला होता. तो शेवटचा परिच्छेद तर तिनं दोनदा सांगितला. विजेच्या बिलाच्या पाकिटावर मराठीत लिहूनसुद्धा दिलं, "पहिल्यांदाच दुखत असेल, वय झालं असेल, तर मोजत बसू नका, आधी डॉक्टर." पाकीट माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "काका, बाकीचं राहिलं तरी चालेल, हे सगळ्यात महत्त्वाचं."

मी खाली गेलो, लिहायला लागलो. माझं अक्षर मोठं, तुला माहीत आहे. त्या फळ्यावर माझ्या आठ ओळी बसतात, नववी बसत नाही. सात झाल्या. ती ओळ घ्यायची तर आठवी तिला द्यायला हवी होती. आणि आठवी ओळ दीड वर्ष रोज एकच असते. ती मी तुला पत्रात लिहिली नव्हती.

'संकलन : चि. विनीत गुणाजी घाडीगावकर, बंगळूर.'

झालं. हेच ते.

मनवा पाण्याची बाटली भरायला खाली आली होती, तिनं बघितलं. म्हणाली, "काका, ती ओळ राहिली." मी म्हटलं, "जागा नाही गं." ती म्हणाली, "आजच्या दिवस नाव गाळा ना." मी काय म्हणालो असेन? म्हणालो, "नावाशिवाय कसं चालेल, लोकांना कळायला नको कोणी पाठवलंय?" नऊचं लॉगिन होतं तिचं, ती वर गेली. पाकीट मी खिशात घातलं.

का, ते तुला सांगायला हवं, पण सांगता येईल की नाही माहीत नाही. तू बँकेची नोकरी सोडलीस त्या वर्षी, गणपतीच्या जेवणाला पंधरा माणसं बसलेली. नाना तुला विचारत होता, नवीन काम काय रे तुझं? तू समजावून सांगत होतास, लोकांना वाचायला वेळ नसतो, चांगलं काय ते आम्ही निवडून देतो. आणि मी मधेच म्हणालो, "दुसऱ्यांनी लिहिलेलं गोळा करून पुढे ढकलायचं. कागद वेचणारे बरे, ते निदान रद्दी तरी विकतात." सगळे हसले. तू पण हसलास आधी. मग ताटावरून उठलास. हात धुऊन सरळ खाली गेलास, आणि तेव्हापासून मी तुझं तोंड बघितलं नाही.

माफी मागायला मला जमत नाही. माझ्या बापानं कधी मागितली नाही, मला कुठून येणार? पण फळ्यावर लिहिता येतं. रोज तुझं नाव लिहायचो, त्याच लोकांसमोर, जे त्या दिवशी हसले होते. पुरं नाव, वडिलांच्या नावासकट. लोक थांबून वाचायचे आणि म्हणायचे, गुणाजी, तुझा मुलगा हुशार निघाला. दीड वर्षात मी एक दिवस ते नाव गाळलं नाही. तुला कळवायचं नाही म्हणून आईला शपथ घातली होती. तू आपण होऊन येशील, एखाद्या सकाळी जिन्यासमोर उभा राहून वाचशील, असं मनात होतं. म्हातारपणी माणूस काय काय मनात धरून बसतो.

आता मनवाचं काय करायचं ते सांग. सांगणार नाहीस, मला माहीत आहे. निदान वाच.

बाबा


चिंचपोकळी,
सोमवार, १० फेब्रुवारी

विनीत,

तुझं उत्तर आलं नाही. मी थांबलोही नाही.

परवा शनिवारी साडेसातला खाली गेलो आणि फळ्यावर लिहिलं:

९ जानेवारीच्या लेखात
'आधी डॉक्टर गाठा' असे होते.
मनवाने मला ते सांगितले होते.
ती ओळ मी गाळली.
नाना त्यामुळे घरी थांबला.
मनवाचा दोष नाही.
गुणाजी घाडीगावकर

लिहून तिथेच उभा राहिलो. दूधवाल्यानं वाचलं. दोन पोरं शाळेत जाताना थांबली, एकानं दुसऱ्याला कोपर मारलं. मंडळाचा सेक्रेटरी आला, वाचलं, माझा दंड धरून बाजूला घेतलं. "काका, झालं गेलं. ती गेली, विषय मिटला. आता हे चव्हाट्यावर आणून मंडळाचं नाव कशाला घालवता? उद्या पोलीस आले तर?" मी म्हटलं, येऊ देत. तो हसला, "काका, तुम्हाला बीपीची गोळी घ्यायला आठवतंय ना?" मी वर येऊन अंघोळ केली, पुन्हा खाली डोकावलो तर फळा पुसलेला. 'रविवारी पाण्याची टाकी साफ करण्यात येईल, पाणी भरून ठेवावे.' खडूचा डबाही उचलून नेलेला. बेचाळीस वर्षं तो डबा माझ्याकडे होता.

गंगुबाईला वाचता येत नाही. गॅलरीतून तिनं कोणाला तरी विचारलं असणार, आज काय लिहिलंय? सांगितलं असेल, टाकी. म्हणजे ज्या बाईला कळायला हवं तिलाच कळलं नव्हतं. मग चौदा नंबरमध्ये गेलो. प्रथमेश घरी होता, शनिवार म्हणून. नानाच्या फोटोसमोर बसून दोघांना सांगितलं. पाकिटाचं सांगितलं, जागेचं सांगितलं, तुझ्या नावाचं सांगितलं. तेराव्याला मी जे बोललो ते का बोललो तेही. भ्यायलो होतो, दुसरं काही कारण नाही.

वाटलं होतं प्रथमेश हात उगारेल. बरं झालं असतं. तो उठला आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभा राहिला.

गंगुबाईनं फोटोवरचा हार सरळ केला. मग म्हणाली, "भावजी, मी तिला पंचवीस माणसांत बोलले. माझ्या नवऱ्याला खाल्लंस म्हटलं. या तोंडानं म्हटलं. तुमचं ते चूक झालं, मी समजले. पण माझ्या तोंडाचं काय करू?" मी उठायला लागलो. ती म्हणाली, "तुम्ही आधी जा तिच्याकडे. एकटे जा. मग मी बघते माझं."

म्हणून काल कोळीवाड्याला गेलो. तिच्या वडिलांनी दार उघडलं, मला ओळखलं, आत या म्हणाले नाहीत. साधा माणूस आहे, पण त्याच्या पोरीची बॅग भरून पाठवली होती आपण, तो तरी काय म्हणणार? मनवाच बाहेर आली. त्यांच्या बिल्डिंगच्या खाली बाकडं आहे तिथे बसलो. बारीक झालीय. कामाचा फोन गळ्यात तसाच.

मी सगळं बोललो. हात जोडले. ती म्हणाली, "काका, हात नका जोडू, लोक बघतायत." मग म्हणाली, "मला वाटलं तुम्ही तेराव्यालाच बोलाल. मी ग्लास घेऊन उभी होते ना, मनात म्हणत होते, आता बोलतील."

मी विचारलं, "तू का नाही बोललीस? पाकिटावर मी काकांना लिहून दिलं होतं, एवढं तरी म्हणायचंस."

तेव्हा तिनं जे सांगितलं ते तुला लिहू की नको, यात काल आख्खी संध्याकाळ गेली. आई म्हणाली, नका लिहू, पोर जिवाला लावून घेईल. पण मी कोणासाठी काय गाळायचं ते ठरवायच्या लायकीचा राहिलेलो नाही. वाच.

ती म्हणाली, "नानांना मी तीनदा म्हटलं चला, फळ्यावर एक ओळ राहिलीय. दोनदा रागावले. तिसऱ्यांदा मी दंडाला धरून उठवायला लागले, तर हसले. घाम फुटला होता आणि हसले. म्हणाले, खाली नाव कोणाचं आहे बघितलंस ना? गुण्याचा विनीत. लहानपणी माझ्या मांडीवर बसून पाढे म्हणायचा, एक चूक नाही. तो पाठवेल ते चुकीचं असेल होय? आणि पुन्हा मोजायला लागले."

मग म्हणाली, "हे मी घरात सांगितलं असतं ना काका, तर गंगूआईंनी विनीतदादाचं नाव घेऊन टाहो फोडला असता. विनीतदादांना पुन्हा त्या चाळीत पाय ठेवता आला नसता. मी त्यांना बघितलंही नाही. पण दीड वर्ष तुम्ही रोज ते नाव कसं लिहायचात ते बघितलं होतं."

विनीत, मी त्या बाकड्यावर रडलो. लाज वाटली नाही. ज्या पोरीनं तुझं नाव पोटात ठेवलं तिला मी एका वाक्यात विकलं. शीत उचलत बसलो होतो रे मी.

मी तिला म्हटलं, घरी चल, प्रथमेशला सगळं कळलंय. ती नाही म्हणाली. शांतपणे म्हणाली, "तुमचं मी समजू शकते काका, तुम्ही घाबरलात. पण प्रथमेश माझा नवरा आहे. त्यानं मला विचारलंसुद्धा नाही, नक्की काय झालं. बॅग भरली." प्रथमेश काल रात्रीपासून तिला फोन करतोय, ती उचलत नाही. गंगुबाई आज दुपारी गेली होती. खालच्या खालीच परत आली, वर जायचा धीर झाला नाही म्हणाली. मनवा येणार नाही. मला तिचा चेहरा बघून कळलं, तुला सांगतो.

तू चुकीचं काही पाठवलं नव्हतंस. तू पूर्ण पाठवलं होतंस, पिवळा रंग लावून तू मला तेच सांगत होतास, आणि मी तेव्हा हात झिजले का म्हणून विचारलं. तुझं नाव तुला न विचारता मी तिथे लिहिलं. नाना त्या नावावर विसंबून बसला, पण त्यातलं काही तुझ्याकडे येत नाही. हे वाचून तसलं काही डोक्यात घेऊ नकोस.

माझ्याशी बोल असं मी म्हणत नाही. मनवाचा नंबर या कागदाच्या मागे लिहिलाय. तिला तू एकदा फोन कर. सकाळी नऊच्या आत कर, नंतर तिचं काम सुरू होतं.

बाबा